रेसिपी मागताना

रविवार, रात्री उशिरा

आज जेवण झाल्यावर शेफना दोन मिनिटं भेटता येईल का, असं वेटरना विचारलं. गर्दी ओसरली होती, म्हणून ते बाहेर आले. मी रेसिपी मागितली नाही. सॉसमधला तो ताजा आंबट वास कसा टिकतो, एवढंच विचारलं. चेहरा खुलला त्यांचा. म्हणाले, लिंबाचा रस आच बंद केल्यावरच घालायचा. उकळला की आंबटपणा राहतो, पण वास उडून जातो. मग तिथेच उभ्याने कितीतरी वेळ बोलत राहिले.

‘रेसिपी द्या ना’ ही मागणी आपल्याला सोपी वाटते, पण पुरी करायला ती फार अवघड आहे. रेस्टॉरंटच्या किचनमध्ये आपल्या वहीतल्यासारखी रेसिपी बहुधा नसतेच. तिथे सगळं वजनावर चालतं, आणि एका पदार्थामागे आणखी दोन-तीन रेसिपी दडलेल्या असतात. स्टॉक, म्हणजे हाडं किंवा भाज्या उकळून काढलेला अर्क, कुणीतरी सकाळीच उकळत ठेवलेला असतो, सॉस दुसऱ्याने केलेला असतो, आणि ऑर्डर आली की तिसरा माणूस ते सगळं जुळवून चव घेत मीठ नीट करतो. मोठ्या पातेल्याचं प्रमाण चार माणसांवर आणायचं, तर जिनसांचा भागाकार करता येतो, वेळेचा नाही. पाणी किती आटेल हे भांड्याच्या तोंडावर आणि आचेवर ठरतं, आणि तिथले बर्नर घरच्या शेगडीपेक्षा कितीतरी प्रखर. बेकिंगचं तापमानसुद्धा पंख्याच्या ओव्हनसाठी दिलेलं असेल, तर साध्या ओव्हनला साधारण २० अंश सेल्सिअस वाढवावं लागतं. म्हणजे रेसिपी देणं म्हणजे कागद काढून देणं नव्हे. घरी जमेल अशी ती नव्याने बसवावी लागते.

‘लॉस एंजेलिस टाइम्स’ या अमेरिकी वर्तमानपत्राने हे काम वर्षानुवर्षं केलं, याचं मला फार कौतुक वाटतं. वाचकांनी आवडलेला पदार्थ कळवायचा, वर्तमानपत्राने रेस्टॉरंटकडे रेसिपी मागायची, आणि मग ती आपल्या टेस्ट किचनमध्ये घरच्या प्रमाणात करून पाहून छापायची. मागणं आणि देणं यांच्यामधली ही मेहनत फार कमी लोकांच्या लक्षात येते.

दिली तर ती जपायची कशी, हाही प्रश्न आहेच. अमेरिकेत जिनसांच्या नुसत्या यादीवर कॉपीराइट मिळत नाही. लेखकाने आपल्या शब्दांत लिहिलेल्या मजकुराला संरक्षण मिळू शकतं, पण पदार्थ कोणीही करावा. मग शेफ एकमेकांना इतकं मोकळेपणाने सांगतात ते कशाच्या भरवशावर? एमान्युएल फोशार आणि एरिक फॉन हिपल या संशोधकांनी फ्रान्समधल्या नामांकित शेफचा अभ्यास केला होता, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात या मंडळींचे तीन अलिखित नियम दिसले. दुसऱ्याचा पदार्थ जसाच्या तसा उचलायचा नाही. विश्वासाने सांगितलेली गोष्ट न विचारता पुढे सांगायची नाही. आणि ज्याचं आहे त्याचं नाव घ्यायचं. या तिन्हींमधला दुसरा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो आपण गिऱ्हाईक सगळ्यात सहज मोडतो. शेफनी प्रेमाने सांगितलेलं घरी पोचायच्या आत फोनवरून चार ग्रुपवर गेलेलं असतं.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवायला हवी. अॅलर्जी असेल, तर पदार्थात काय आहे हे विचारणं ही विनंती नाही, गरज आहे. युरोपीय संघात तर डिसेंबर २०१४ पासून १४ अॅलर्जीकारक घटकांची माहिती देणं रेस्टॉरंटांनाही बंधनकारक आहे. गुपित कितीही मोठं असो, एवढं सांगितलंच पाहिजे.

बाकी कुणी ‘नाही’ म्हटलं तर मला राग येत नाही. त्यावर त्यांचं पोट आहे. पण जे देतात त्यांच्याबद्दल मनात निराळाच आदर आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये फर्निचरवाल्या आयकियाने आपल्या मीटबॉलची आणि डबलट्री या हॉटेलांनी आपल्या चॉकलेट चिप कुकीची रेसिपी सगळ्यांसाठी खुली केली. स्पेनचे शेफ फेरान आद्रिया यांनी तर आपल्या एल बुली या रेस्टॉरंटच्या पाककृती वर्षवार लावून ग्रंथरूपात छापल्या. मला ते फार शहाणपणाचं वाटतं. एकदा छापलं की लोकांना शिकता येतं, आणि कोणाचं आणि केव्हाचं हेही कायमचं नोंदलं जातं.

उद्या एका बेकरीला पत्र लिहायचं आहे. त्यांच्या पावाला जो सौम्य आंबूसपणा आहे, त्यासाठी पीठ रात्रभर थंडीत ठेवता का, एवढंच विचारणार. पाव मला का आवडतो ते आधी नीट लिहीन. उत्तर घरापुरतंच वापरेन आणि बहिणीला सांगायचं झालं तर आधी तुम्हाला विचारेन, हेही लिहीन. आणि सुट्टीच्या गर्दीचे दिवस सोडून सवडीने कळवा, असंही.