आमची वाटचाल : खिळे, फॉन्ट आणि ई-अंक

वडिलांच्या वेळी गिरगावातल्या आमच्या गाळ्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवली जायची. पायाने चालवायच्या ट्रेडल छपाई मशीनवर लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि गणपती गेले की दोन-तीन दिवाळी अंकांचे फॉर्म (एकावेळी छापायच्या पानांचे संच). नव्वदच्या दशकात खिळे भंगारात गेले, संगणक आला आणि मी डीटीपी, म्हणजे संगणकावर पानं लावणं, शिकून कामाला बसले. आता छपाई आमच्याकडे होतच नाही. मासिकांची आणि दिवाळी अंकांची पानं लावायची, त्यांच्या ई-आवृत्त्या करायच्या, काही संपादकांच्या वर्गणीदारांची यादी सांभाळायची, एवढाच धंदा. पण या खुर्चीतून मासिकांची उतरती कळा फार जवळून दिसली. त्यामुळे या वाटचालीत आमच्यापेक्षा गिऱ्हाइकांच्याच गोष्टी जास्त आहेत.

ई-रीडरचं, म्हणजे पडद्यावर पुस्तक-पेपर वाचायच्या यंत्राचं, वारं आमच्यापर्यंत आलं ते २००९ च्या सुमारास. अमेरिकेत तेव्हा वर्तमानपत्रांची पडझड चालली होती. डेन्व्हरचं रॉकी माउंटन न्यूज फेब्रुवारीत बंद झालं, सिॲटलच्या पोस्ट-इंटेलिजन्सरने मार्चमध्ये छपाई थांबवली. मे महिन्यात ॲमेझॉनने ९.७ इंची पडद्याचं किंडल डीएक्स हे ई-रीडर जाहीर केलं, किंमत ४८९ डॉलर. जिथे पेपर घरपोच पोचत नाही अशा भागातल्या वाचकांनी दीर्घ मुदतीची वर्गणी भरली तर यंत्र सवलतीत द्यायचं, असं न्यूयॉर्क टाइम्स, वॉशिंग्टन पोस्ट आणि बोस्टन ग्लोबने ठरवलं. कागद नको, शाई नको, पहाटेच्या गाड्या नकोत. आमच्याकडच्या संपादकांनाही ते वाचून हुरूप आला होता.

त्याच महिन्यात डॅलस मॉर्निंग न्यूजच्या प्रकाशकांनी सिनेटच्या समितीपुढे हिशोब मांडला होता : वर्गणीतला ७० टक्के वाटा ॲमेझॉन मागतं. पुढच्या वर्षाअखेर ॲमेझॉनने ही वाटणी बरीचशी उलटी केली, पण तोवर ॲपलचा रंगीत पडद्याचा आयपॅड आला होता. मग माध्यमसम्राट रुपर्ट मरडॉक यांच्या कंपनीने फक्त आयपॅडसाठी ‘द डेली’ नावाचं दैनिक काढलं. फेब्रुवारी २०११ मध्ये सुरू, डिसेंबर २०१२ मध्ये बंद. पैसा, माणसं, रंगीत पडदा, सगळं असूनही.

इथल्या दैनिकांचं गणित तर वेगळंच. चार-पाच रुपयांच्या अंकात छपाईचा खर्चही निघत नाही. विक्रेत्याचं कमिशन त्यातूनच जातं. पेपर चालतो जाहिरातीवर, आणि ई-रीडरच्या करड्या (ई-इंक) पडद्यावर सराफाची पानभर जाहिरात कोण देणार? शिवाय वाचकाचाही हिशोब असतो. महिनाअखेर रद्दीवाला येतो आणि पेपरच्या बिलातले थोडे पैसे परत देऊन जातो. ई-पेपरला रद्दी नाही. हे मी गमतीने सांगते तेव्हा संपादक हसतात, जाहिरात खात्यातले हसत नाहीत.

मासिकांचं तसं नाही. तिथे वर्गणीदार हाच खरा आधार, आणि टपाल ही खरी डोकेदुखी. अंक पोचला नाही म्हणून फोन, दुसरी प्रत, पुन्हा तिकिटं. परदेशी वर्गणीदाराचा टपालखर्च अंकाच्या किमतीच्या वर जातो. ई-रीडरचा उपयोग झाला तर मासिकांनाच होईल, हे माझं मत तेव्हापासूनचं आहे.

आता त्यातली मेख. सुरुवातीच्या किंडलवर देवनागरी धड दिसतच नव्हती. आणि आमच्याकडचा मजकूर होता जुन्या फॉन्टमध्ये. म्हणजे पडद्यावर मराठी, आत मात्र इंग्रजी अक्षरांचे कोड. तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना समजणाऱ्या अक्षर-कोडात, आणला की रफार एक घर सरकतो, ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर बसते, ‘दुसऱ्या’चा ‘दुसर्या’ होतो. वर्षानुवर्षांचे अंक असे पुन्हा वाचून काढायचे म्हणजे मुद्रितशोधकाचं काम नव्याने करणं. कविता हा आणखी एक ताप. वाचकाने अक्षर मोठं केलं की ओळ तुटते, आणि कवीचा फोन आम्हाला येतो. व्यंगचित्रं पानभर ठेवावी लागतात. चौकटी, दोन कॉलम, कोपऱ्यातलं कोडं हे सगळं मोडून एका धारेत आणावं लागतं. पीडीएफ चढवून दिली की झाला ई-अंक, असं समजणाऱ्यांना मी सहा इंची पडद्यावर तीच पीडीएफ उघडून दाखवते. चष्मा पुसून पुसून वाचतात.

डिसेंबर २०१६ मध्ये ॲमेझॉनने किंडलवर मराठीसह पाच भारतीय भाषांतली पुस्तकं आणली. आम्हाला वाटलं, आता गाडी रुळावर. पण त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ सुरू झालं होतं. यंत्राला मराठी आली तेव्हा वाचकाच्या खिशात स्वस्त डेटाचा फोन येऊन बसला होता. वर्षाला काही शे रुपये वर्गणीच्या मासिकासाठी हजारोंचं वेगळं यंत्र कोणी घेत नाही. विरार लोकलमध्ये पूर्वी पेपराची चौघडी घालून वाचणारे दिसायचे. आता त्यांच्या हातात फोन आहे, आणि त्यावर बहुधा मासिक नाही.

मार्च २०२० मध्ये लोकल थांबल्या, पेपर टाकणंही थांबलं. तेव्हा दैनिकांच्या पीडीएफ व्हॉट्सॲपवर फुकट फिरू लागल्या आणि फुकटाची सवय लागली. आमच्या एका मासिकाचा ई-अंक कोणीतरी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. संपादकांना आधी राग आला. मग त्याच सोसायटीतून नवे वर्गणीदार मिळाले, तेव्हा त्यांनी विषय काढणं बंद केलं.

याच संपादकांनी मला एकदा नेमका प्रश्न विचारला होता. “ताई, त्या किंडलवर अंक विकला तर घेणाऱ्याचं नाव-पत्ता मला कळतो का?” म्हटलं, “नाही सर, तो दुकानाकडे राहतो.” “मग पुढच्या वर्षी वर्गणी संपली म्हणून पत्र कोणाला लिहू?”

वर्गणीवर जगणाऱ्या माणसाची शंका होती ती, आणि आमच्या धंद्याची दिशा तिनेच बदलली. तेव्हापासून आम्ही ई-पब (पडद्याप्रमाणे अक्षर जुळवून घेणारी ई-पुस्तकाची फाइल) करतो, पण तो संपादकाच्या स्वतःच्या यादीतल्या वर्गणीदाराला थेट मेलने पाठवतो. त्याने तो फोनवर वाचावा, टॅबवर वाचावा, किंडलवर टाकून घ्यावा. पैसे यूपीआयने मासिकाच्या खात्यात. २०२३ च्या सप्टेंबरात ॲमेझॉनने किंडलवरची वर्तमानपत्रांची आणि मासिकांची सुट्या अंकांची विक्री आणि वर्गणी बंद केली, तेव्हा आमच्या मासिकांना झळ लागली नाही.

ई-रीडरवर वाचणारे आमच्या यादीत थोडेच आहेत, पण टिकाऊ आहेत. एक गट परदेशातला, ज्यांना दिवाळी अंक दिवाळीतच हवा असतो. दुसरा घरातल्या ज्येष्ठांचा. अक्षर हवं तेवढं मोठं होतं, डोळ्यांवर उजेड मारत नाही, बॅटरी आठवडेच्या आठवडे टिकते. दादरच्या एका आजींना नातवाने यंत्र आणून दिलं. त्या आता छापील अंकही घेतात आणि ई-अंकही. छापील अंक म्हणे शेजारणीला द्यायला बरा. वर्गणी नूतनीकरणाचं प्रमाण या दोन गटांत सगळ्यात चांगलं आहे. एवढ्याने मासिक जगतं का? कागद महागला की तेवढा टेकू मिळतो. लेखकाचं मानधन आणि संपादकाचा वेळ मात्र कुठलंच यंत्र स्वस्त करत नाही, आणि खर्च मुख्यतः तिथे आहे, किंवा असायला हवा.

सध्या आमच्याकडे एका जुन्या मासिकाचे सत्तरच्या दशकातले अंक स्कॅन होऊन आलेत. मराठीचं ओसीआर, म्हणजे स्कॅनमधली अक्षरं ओळखून मजकूर करणारं सॉफ्टवेअर, जोडाक्षरांवर अडखळतं, म्हणून दोन मुली ओळन् ओळ ताडून बघतायत. यंदाचे दिवाळी अंकही आहेतच : छापील प्रत आधी, मुंबईबाहेरच्यांना ई-अंक त्याच दिवशी, मुंबईतल्यांना पंधरा दिवसांनी. ही अट स्टॉलवाल्यांची आहे, आणि ती आम्हाला मान्य आहे.