सर्क्युलर इम्पोर्टची गाठ: माझा अनुभव

सदाशिव पेठेतल्या एका खानावळीच्या डब्यांचा हिशेब ठेवायला मी पायथनमध्ये छोटा प्रोग्राम लिहिलाय. ‘बिल’ आणि ‘ग्राहक’ ही त्यातली दोन मॉड्यूल्स, म्हणजे कोडच्या वेगवेगळ्या फाइली. एका संध्याकाळी आयसॉर्ट हे टूल चालवून इम्पोर्टच्या, म्हणजे दुसरी मॉड्यूल्स मागवणाऱ्या, ओळी अक्षरक्रमाने नीट लावून घेतल्या आणि प्रोग्राम सुरूच होईना. बदलला होता फक्त ओळींचा क्रम! एरर म्हणत होती, ‘बिल’ मॉड्यूल अर्धवट तयार आहे, बहुधा सर्क्युलर इम्पोर्टमुळे, म्हणजे मॉड्यूल्स एकमेकांनाच इम्पोर्ट करत असल्यामुळे. ३.८ आवृत्तीपासून पायथन निदान एवढं तरी सांगतो.

लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तसला प्रकार. ‘ग्राहक’ला थकबाकी काढायला ‘बिल’मधलं ‘बाकी’ फंक्शन हवं आणि ‘बिल’ला रक्कम छापायला ‘ग्राहक’मधलं ‘रुपये’.

मग आदल्या दिवशी चालत कसं होतं? खरी गंमत तिथेच आहे. पायथन मॉड्यूल पहिल्यांदा इम्पोर्ट करताना आधी सिस.मॉड्यूल्स या लोड झालेल्या मॉड्यूल्सच्या यादीत त्याची नोंद करतो आणि मग फाइल वरून खाली चालवतो. मधेच कुणी तेच मॉड्यूल मागितलं, तर जेवढं तयार असेल तेवढंच हातात ठेवतो. ‘बिल’मध्ये साधं ‘इम्पोर्ट ग्राहक’ होतं. त्याला अर्धवट मॉड्यूलही चालतं, कारण आतलं नाव फंक्शन चालेल तेव्हाच शोधलं जातं. ‘ग्राहक’मध्ये मात्र ‘फ्रॉम बिल इम्पोर्ट बाकी’ होतं, म्हणजे ‘बाकी’ तिथल्या तिथे हवं. त्यामुळे ‘ग्राहक’ आधी लोड झालं तर निभावतं, ‘बिल’ आधी आलं की आपटतं. आणि आयसॉर्टच्या हिशेबात इंग्रजी बी जीच्या आधी, म्हणजे ‘बिल’ ‘ग्राहक’च्या आधी!

हिंजवडीतला मित्र म्हणाला, “अरे, इम्पोर्ट फंक्शनच्या आत टाक नि मोकळा हो.” चालतं तसं, पण मला ते पटेना. कोण कुणावर अवलंबून आहे, हे फाइल उघडताच दिसायला हवं. शिवाय ‘रुपये’ला ग्राहकाशी काही देणंघेणंच नव्हतं, लाख-हजारांचे स्वल्पविराम टाकणारं इवलंसं फंक्शन ते. ते ‘छपाई’ नावाच्या तिसऱ्या फाइलीत हलवलं. ‘बिल’मध्ये ‘ग्राहक’ची उरली एक टाइप हिंट, म्हणजे व्हॅल्यू कुठल्या प्रकारची हे सांगणारी खूण, तीही आधीपासून अवतरणचिन्हांत. तिच्यापुरता इम्पोर्ट ‘इफ टाइप_चेकिंग’खाली नेला. ही अट प्रोग्राम चालताना खोटी असते, मायपायसारखी टाइप तपासणारी टूल्सच ती खरी धरतात.

मग प्रत्येक मॉड्यूल नव्या पायथन प्रोसेसमध्ये एकेकटं इम्पोर्ट करून पाहिलं. एकाच प्रोसेसमध्ये पाहिलं तर आधीच्या नोंदींमुळे दोष झाकला जातो. ही तपासणी आता टेस्टमध्येच टाकून ठेवली आहे.