तुम्ही विचारलंत म्हणून : ती लाल टोपी कसली?

जुन्या चित्रांवर स्लाइड दाखवत बोलायला मी वाचनालयांत आणि शाळांत जातो. विषय 'चित्रांतलं स्वातंत्र्य' असला की शेवटी, झेंडा उंचावून मुडद्यांवरून चालणाऱ्या बाईच्या त्या फ्रेंच चित्रावरून, हा प्रश्न येतोच. "सर, त्या बाईच्या डोक्यावर ती लाल टोपी कसली?" २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकपासून पोरंटोरंही विचारू लागली आहेत, कारण त्या स्पर्धेचा शुभंकर, तो हातपाय फुटलेला लाल त्रिकोणी प्राणी, म्हणजे तीच टोपी. आमच्याकडच्या बहुतेकांना ती मिरची वाटली होती.

उशीर झालेला असतो, संयोजक आभाराचा कागद घेऊन उभे असतात, त्यामुळे "स्वातंत्र्याचं चिन्ह आहे" एवढं म्हणून मी सुटका करून घेतो. पण उत्तर तेवढ्यावर भागत नाही. टोपी घालणारा माणूस कालपर्यंत कुणाच्या तरी मालकीचा होता, हे ती टोपी सांगते. आणि तेवढ्याचसाठी पुढे अनेकांना ती डोळ्यांत सलली.

प्राचीन रोममध्ये मालकाने गुलामाला मोकळं केलं की त्याचं डोकं भादरत आणि त्यावर नमद्याची, काठ नसलेली, वर निमुळती होत गेलेली टोपी चढवत. तिचं नाव पिलेउस. तिची गोष्ट सांगायची तर मी इ. स. पूर्व २१४ पासून सुरू करतो. रोमचा शत्रू, कार्थेजचा सेनापती हानिबल तेव्हा इटलीत घुसलेला होता. दोन वर्षांपूर्वी कान्नीच्या लढाईत रोमची फौजच्या फौज कापली गेली होती, लढायला माणसं उरली नव्हती. तेव्हा सरकारने मालकांकडून आठ हजार गुलाम विकत घेतले आणि त्यांच्या हातात शस्त्रं दिली. त्यांचा सेनापती टायबेरियस ग्राकस. बेनेव्हेंटमजवळ लढाईला तोंड लागायच्या आधी त्याने जाहीर केलं की जो शत्रूचं मुंडकं आणेल तो स्वतंत्र. पुढे काय झालं ते रोमन इतिहासकार लिव्हीने लिहून ठेवलंय. जे खरे लढवय्ये ते मुंडकी कापत बसले. एका हातात मुंडकं, मग लढायचं कशाने? लढायला उरले ते भित्रे. शेवटी ग्राकसला ओरडून सांगावं लागलं, की फेका ती मुंडकी, शत्रू पळाला तर सगळेच स्वतंत्र. शत्रू पळाला.

ग्राकसने शब्द पाळला. मात्र लढाईत कच खाल्लेले चारेक हजार जण होते, त्यांना शिक्षा मिळाली ती अशी, की सैन्यात असेपर्यंत जेवायचं ते उभ्यानेच. गावच्या लोकांनी दारापुढे रस्त्यावर मेजं मांडून सगळ्यांना जेवू घातलं. डोक्यावर टोप्या किंवा पांढऱ्या लोकरीच्या पट्ट्या बांधलेले ते नवे नागरिक, कुणी आडवे रेलून, कुणी उभे राहून, वाढताहेत आणि जेवताहेत. रोमला परतल्यावर ग्राकसने या पंगतीचं चित्र काढून घेतलं आणि ते अव्हेंटाइन टेकडीवरच्या स्वातंत्र्यदेवीच्या देवळात लावलं. देऊळ त्याच्या वडिलांनी बांधलेलं होतं.

ते चित्र आज नाही. मला विचाराल तर स्वातंत्र्याच्या सगळ्या चित्रांत पाहावंसं वाटतं ते हेच. देवी तिथे देवळात होती, चित्रात जेवणारी माणसं होती, आणि त्यांतले काही उभे का आहेत हे पाहणाऱ्याला माहीत होतं.

पुढे ही टोपी गुलामांच्या डोक्यावरून उतरून मोठ्या लोकांच्या हाती गेली. रोमचा हुकूमशहा सीझर याला मारल्यावर मारेकऱ्यांपैकी ब्रूटसने नाणं पाडलं. एका बाजूला स्वतःचा चेहरा, दुसऱ्या बाजूला दोन खंजीर आणि मधोमध ही टोपी. खाली खुनाची तारीख, मार्च महिन्याची मधली तिथी, म्हणजे १५ मार्च. अर्थ असा, की आम्ही रोमला गुलामीतून सोडवलं. ब्रूटस आणि त्याचे साथीदार स्वतः गुलाम बाळगणारे होते, पण टोपीला त्याचं काही वाटलेलं दिसत नाही. इ. स. ६८ मध्ये सम्राट नीरो मेला तेव्हा रोमची सामान्य माणसंही अशाच टोप्या घालून रस्त्यांवर धावत सुटली होती. नंतरच्या सम्राटांच्या नाण्यांवर स्वातंत्र्यदेवी हातात टोपी घेऊन उभी दिसते. द्यायला आल्यासारखी. कुणाला, ते नाण्यावर दिसत नाही.

मधली शतकं मी स्लाइडमध्येही भराभर पुढे ढकलतो. १५९३ साली चेझारे रीपा नावाच्या इटालियन गृहस्थाने चित्रकारांसाठी एक कोशच तयार केला, कुठला गुण कसा रंगवायचा याचा. त्यात स्वातंत्र्य म्हणजे पांढऱ्या वस्त्रातली बाई, एका हातात राजदंड, दुसऱ्यात टोपी आणि पायाशी मांजर. मांजर कोंडून घेत नाही म्हणून. हे मांजर पुढे टिकायला हवं होतं असं मला फार वाटतं, पण चित्रकारांना ते बहुधा भारदस्त वाटलं नसावं.

फ्रेंच राज्यक्रांतीत एक घोटाळा झाला आणि तो कायमचा राहिला. रोमन टोपी सरळ उभी. ग्रीक कलाकार आशियातले लोक ओळखू यावेत म्हणून त्यांच्या डोक्यावर जी टोपी दाखवत तिचा शेंडा पुढे वळलेला, ती फ्रिजियन टोपी. फ्रान्समध्ये दोन्हींची सरमिसळ झाली, रंग लाल ठरला, आणि आपण आज जी ओळखतो ती टोपी तयार झाली. २० जून १७९२ रोजी जमाव पॅरिसच्या राजवाड्यात शिरला आणि भाल्याच्या टोकावर एक लाल टोपी सोळाव्या लुईपुढे धरली गेली. राजाने ती घातली आणि राष्ट्राच्या नावाने पेलाही रिकामा केला. चित्रं छापून विकणाऱ्यांनी लगेच राजाच्या जुन्या, ऐटबाज तसबिरीच्या ठशात नवी टोपी कोरून घेतली आणि पुन्हा छापून विकायला काढली. एरवीचा तोच चेहरा, तोच रेशमी पोशाख, वर गुलामाची टोपी. पुढच्या जानेवारीत ते डोकंच राहिलं नाही.

आता ते चित्र, ज्यावरून तुम्ही प्रश्न विचारता. फ्रेंच चित्रकार देलाक्र्वाचं, १८३०चं, आज पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात असलेलं. सव्वातीन मीटर रुंद. जुलैमधल्या, राजाविरुद्धच्या तीन दिवसांच्या उठावानंतर त्याने ते काढलं. फ्रान्सचा तिरंगा उंचावलेली, उघड्या छातीची बाई मुडद्यांच्या ढिगावरून चालत आपल्याच अंगावर येते. सगळे तिच्याकडे बघतात. मी पोरांना डाव्या कोपऱ्यात खाली बघायला सांगतो. तिथे एक मेलेला माणूस पडलाय, अंगात नुसता सदरा, विजार नाही, आणि एकाच पायात मोजा. दुसरा मोजा कुठे गेला? लुटारूंनी नेला असेल, झटापटीत निघाला असेल. देवीच्या पायाखालून काय जातं ते त्या एका मोज्यातून देलाक्र्वा सांगतो. उठावातून गादीवर आलेल्या राजाच्या सरकारने चित्र तीन हजार फ्रँकला विकत घेतलं, थोडे दिवस दाखवलं आणि मग लोकांच्या नजरेआड ठेवून दिलं. १८४८ साली फ्रान्स पुन्हा प्रजासत्ताक झाला. त्याची जी राजमुद्रा कोरली गेली तिच्यावर बाई आहे, पण बसलेली, आणि टोपीच्या जागी सूर्यकिरणांचा मुकुट. टोपी तोवर दंगलीची खूण झाली होती.

हे किरण लक्षात ठेवा, कारण न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या डोक्यावर तेच आहेत. पण त्याआधी वॉशिंग्टनला थांबायला हवं. तिथल्या कॅपिटॉलच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदभवनाच्या, घुमटावर एक पुतळा आहे, साडेएकोणीस फूट उंच, नाव 'स्वातंत्र्य'. शिल्पकार टॉमस क्रॉफर्ड, राहायला रोममध्ये. टोपीचा अर्थ त्याला ठाऊक असणारच, आणि त्याने आराखड्यात ती घातली. त्या बांधकामाचा कारभार युद्धमंत्री जेफरसन डेव्हिस याच्याकडे होता, आणि मिसिसिपीत त्याचा गुलामांच्या जिवावर चालणारा मळा होता. त्याने हरकत घेतली. आम्ही जन्मतःच स्वतंत्र, मुक्त झालेल्या गुलामाची टोपी आम्हाला शोभत नाही, अशा अर्थाचं त्याने कळवलं. रोमचा इतिहास त्याला अचूक माहीत होता, हे मान्य करावं लागेल. क्रॉफर्डने टोपी काढून गरुडाचं डोकं आणि पिसं असलेलं शिरस्त्राण घातलं.

पुतळा ओतायची वेळ आली तेव्हा त्याचा प्लास्टरचा नमुना वॉशिंग्टनमध्ये जोडून उभा केलेला होता. तो पुन्हा सुटा करायला जोडणाऱ्या कारागिराने जास्त पैसे मागितले. सांधे कुठे आहेत ते त्यालाच ठाऊक. ओतकामाच्या कारखान्यात फिलिप रीड नावाचा गुलाम होता. त्याने पुतळ्याच्या माथ्यावरच्या लोखंडी कडीत दोर अडकवून कप्पीने हळूहळू ताण दिला, आणि सांधे आपोआप उघडून दिसले. सरकारी हिशेबात त्याच्या नावावर तेहतीस रविवारांची मजुरी आहे, दिवसाला सव्वा डॉलर, साच्यांखालचा जाळ सांभाळल्याबद्दल. बाकीच्या सहा दिवसांचा पैसा मालकाला. पुतळा पूर्ण होऊन २ डिसेंबर १८६३ रोजी घुमटावर चढला तेव्हा रीड स्वतंत्र होता, कारण आदल्या वर्षी त्या शहरातली गुलामगिरी कायद्याने संपली होती. आणि डेव्हिस तेव्हा गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचा अध्यक्ष होता.

दहा वर्षांनी, १८७३ मध्ये, पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' छापलं आणि ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या भल्या लोकांना अर्पण केलं. त्या लढ्याचं मोल इथे एका माणसाला लगेच कळलं होतं.

न्यूयॉर्कच्या पुतळ्याची कल्पना ज्याच्या घरच्या गप्पांतून निघाली असं मानतात तो लाबूलाय फ्रान्समधला गुलामगिरीविरोधी चळवळीतला माणूस. शिल्पकार बार्तोल्दीच्या सुरुवातीच्या एका लहान नमुन्यात पुतळ्याच्या डाव्या हातात तुटलेली साखळी होती. पुढे त्या हातात ४ जुलै १७७६ ही अमेरिकेच्या स्वातंत्र्याची तारीख कोरलेली पाटी आली आणि साखळी पायाशी गेली, झग्याच्या घोळात. १८७६ साली पॅरिसच्या ऑपेरात निधी जमवताना लाबूलायने सांगितलं, की आमची ही देवी लाल टोपी घालून, हातात भाला घेऊन प्रेतांवरून चालणारी नाही. ऐकणाऱ्यांना कुठलं चित्र डोळ्यापुढे आलं असेल ते सांगायला नको. पैसे देणारी मंडळी दचकू नयेत म्हणून हे ठीकच होतं, पण टोपी गेली ती गेलीच. साखळी तिथे आहे, १८८६ पासून आहे, मात्र बोटीतून काढलेल्या फोटोत येत नाही. ती दिसते ती वरून, हेलिकॉप्टरमधून घेतलेल्या चित्रांत.

इथे हमखास एखादे आजोबा उठतात, "म्हणजे आपल्या गांधी टोपीसारखंच की!" नाते नाही, आजोबा. ती खादीची, असहकाराच्या दिवसांतली, ती घालणाऱ्याला कुणी मुक्त केलेलं नव्हतं, उलट ती घातली म्हणून सरकारी नोकरांवर साहेब डाफरत. लोकांना डोक्यावर काय आहे ते आधी दिसतं, एवढंच साम्य.

आणि टोपी ज्यांची होती त्यांच्याकडे कधी परत गेली का, हे विचारणारीही एखादी मुलगी असते. गेली. हैतीतल्या गुलामांनी फ्रेंच मळेवाल्यांविरुद्ध उठाव करून १८०४ साली देश स्वतंत्र केला. त्यांच्या राजचिन्हात मधोमध ताडाचं झाड आहे, दोन्ही बाजूंना तोफा आणि झेंडे, खाली साखळीचे तुटके तुकडे आणि झाडाच्या शेंड्यावर ती टोपी. १८२५ साली फ्रान्सने आरमार पाठवून त्यांच्याकडून जुन्या मालकांच्या नुकसानभरपाईपोटी पंधरा कोटी फ्रँक कबूल करून घेतले. नंतर ती रक्कम नऊ कोटींवर आणली गेली, पण फेडता फेडता पिढ्या गेल्या. हैतीच्या आजच्या झेंड्यावरही मधल्या पांढऱ्या चौकोनात ते झाड आहे. मोबाइलवर बघत असाल तर चित्र चांगलं मोठं करा, नाहीतर टोपी दिसणार नाही.