क्लिक केलं तरी पुढचं उघडत नव्हतं: केळीच्या पावत्यांसाठी टूल निवडताना

रावेर भागातल्या केळीच्या कापणीची नोंद मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये, चार टेबलांत होती: शेतकरी, गट नंबर, कापणी, काटा पावती. हवं होतं एवढंच, की शेतकऱ्याच्या नावावर क्लिक केलं की त्याचे गट दिसावेत, गटावरून कापण्या, तिथून पावत्या. आणि पावतीवरून उलटं शेतकऱ्यापर्यंतही जाता यावं.

डीबीव्हर (डेटाबेस उघडून बघायचं, दुरुस्त करायचं टूल) आणि मेटाबेस (ब्राउझरमध्ये डेटा दाखवणारं टूल) दोन्ही लावून पाहिले. डेटा लगेच दिसला, पण एकही लिंक नाही. डीबीव्हरच्या ईआर डायग्राममध्ये, म्हणजे टेबलांमधली नाती दाखवणाऱ्या चित्रात, चार सुटे चौकोन. आठवडाभर मी टूललाच दोष देत होतो.

कारण टेबलांत होतं. ज्यानं मूळ प्रोग्राम बनवला त्यानं टेबलं मायआयसॅम या जुन्या इंजिनवर (मायएसक्यूएलची टेबल साठवण्याची एक पद्धत) ठेवली होती. फॉरेन की म्हणजे एका टेबलाची ओळ दुसऱ्या टेबलातल्या ओळीशी जोडणारं नातं; मायआयसॅम ती ओळ निमूट वाचतं आणि सोडून देतं, एररही देत नाही. म्हणजे स्क्रिप्टमध्ये नातं लिहिलेलं, डेटाबेसमध्ये शून्य. मला अजून राग येतो तो याचाच. 'शो टेबल स्टेटस' ही कमांड चालवून इंजिनचा कॉलम पहिल्याच दिवशी बघा.

इंजिन बदलून फॉरेन की पाळणारं इनोडीबी केलं आणि फॉरेन की जोडायला गेलो, तर एरर ३७८०. एका टेबलात आयडी साधा इंट (उणेही चालणारा पूर्णांक), दुसऱ्यात अनसाइन्ड (उणे न चालणारा). दोन्ही बाजूंचा प्रकार आणि चिन्ह तंतोतंत जुळावं लागतं. मजकुराचा कोड असेल तर कोलेशन (अक्षरं जुळवण्याचा, क्रम लावण्याचा नियम) सुद्धा. जुन्या आवृत्तीत हाच घोळ एरर १२१५, किंवा १००५ आणि कंसात errno १५०, असा दिसतो.

ते जुळवलं तर एरर १४५२: बेवारस पावत्या, म्हणजे ज्यांचा शेतकरी टेबलात नाहीच. बापाचं खातं मुलाच्या नावावर झालं की जुनी ओळ थेट डिलीट केलेली, पावत्या मात्र जुन्याच आयडीवर. काही ठिकाणी शेतकरी माहीत नाही म्हणून शून्य भरलेलं. पावतीला शेतकरी लेफ्ट जॉइन करून (सगळ्या पावत्या, शेजारी सापडला तर शेतकरी) जिथे शेतकऱ्याचा आयडी नल, म्हणजे रिकामा, येतो तेवढ्या ओळींची यादी करा. शून्याच्या जागी नल चालतो, पण कॉलमला नलची मुभा हवी. बाकीच्या ओळी कागदी पावतीपुस्तकाशी ताडूनच दुरुस्त करा, अंदाजानं नको.

या सगळ्याच्या आधी मायएसक्यूएलडंप या मायएसक्यूएलच्याच कमांडनं बॅकअप घ्या.

मेटाबेसच्या ॲडमिनमध्ये फॉरेन की हातानंही नेमता येते. पण मग बेवारस पावती तशीच राहते आणि शेतकऱ्याची जागा कोरी दिसते. पैशाच्या हिशोबाला ते चालणार नाही.

शेवटी काउंटरला मेटाबेस, दुरुस्तीला डीबीव्हर. गोल आणि रेषांचा ग्राफ व्हिस-नेटवर्क या जावास्क्रिप्ट लायब्ररीवर करून पाहिला. एका हंगामाच्या पावत्या टाकल्या की नुसता गुंता होतो. शेतकऱ्याला यादी हवी असते, जाळं नाही.

की जोडल्यावर मेटाबेसमध्ये स्कीमा सिंक करा (टेबलांची रचना त्याला पुन्हा वाचायला लावा), नाहीतर लिंक दिसणार नाही. आयडीऐवजी नाव दिसावं म्हणून त्या कॉलमच्या डिस्प्ले व्हॅल्यूत फॉरेन की निवडा. मेटाबेस स्वतःची माहिती ज्या एचटू डेटाबेसमध्ये ठेवतं तो रोजच्या वापराला ठेवू नका, पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर हलवा. आणि मेटाबेसला पावत्यांच्या डेटाबेसवर फक्त सिलेक्टची, म्हणजे नुसतं वाचण्याची, परवानगी द्या.