रशियनपर्यंत मराठीच्या वाटेने

पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. तिथल्या रशियनच्या प्रमाणपत्र वर्गाला मी नाव घातलं, तेव्हा सगळ्यांनी लिपीचीच भीती घातली होती. खरं तर ३३ अक्षरांची ती लिपी सगळ्यात लवकर हाताखालून जाते. रोमनसारखी दिसणारी, पण उच्चाराने वेगळी अशी अक्षरं तेवढी घोटावी लागतात: 'एच'सारखं दिसतं ते 'न', 'पी'सारखं ते 'र', 'सी'सारखं ते 'स'.

उच्चारांत मराठी माणसाची चांदीच आहे. रशियन 'त' आणि 'द' आपल्यासारखेच दंत्य, इंग्रजीसारखे नाहीत. 'चहा'तला च आणि 'चमचा'तला च यांना रशियनमध्ये दोन वेगळी अक्षरंच आहेत. जड जातात ती मृदू व्यंजनं. 'ब्रात' म्हणजे भाऊ. त्यातलाच 'त' जिभेचा मधला भाग टाळूकडे उचलून मृदू केला, की अर्थ होतो 'घेणे'. हा फरक आधी कानाला कळावा लागतो, जिभेला नंतर.

आघाताचं, म्हणजे शब्दातल्या कोणत्या स्वरावर जोर द्यायचा याचं, मात्र सतत भान ठेवावं लागतं. आघात नसलेला 'ओ' जवळजवळ 'अ' होतो, म्हणून लिहायचं 'मोलोको' आणि म्हणायचं 'मलाको', म्हणजे दूध. पाठ्यपुस्तकात आघाताची खूण असते, वर्तमानपत्रात नसते. त्यामुळे नवा शब्द वहीत उतरवताना मी आघाताशिवाय लिहीतच नाही.

व्याकरणाची पुस्तकं बहुतेक इंग्रजीतून, आणि तिथेच विनाकारण दमछाक होते. रशियनमध्ये सहा विभक्ती आहेत हे वाचून इंग्रजी वाचक घाबरेल. आपण का घाबरायचं? 'व मास्क्व्ये' म्हणजे मॉस्कोत, 'व मास्क्वू' म्हणजे मॉस्कोला. सुरीने कापायचं तर 'नोश'चं 'नझोम' होतं, आपल्या तृतीयेसारखं. 'मला मॉस्को आवडतं' याची रचना 'म्न्ये न्रावित्सा मास्क्वा' अशी, 'मला'सकट. लिंगं तीन. पुरुष 'या स्पाल' म्हणतो, बाई 'या स्पला': झोपलो, झोपले. मी प्रत्येक पाठातली वाक्यं आधी मराठीत मांडायला लागले, तेव्हापासून प्रत्यय लक्षात राहू लागले. मराठी माध्यमातल्या मुलांना रशियन अशीच शिकवायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

सगळंच काही जुळत नाही. संख्यांचंच बघा: वय २१ असेल तर वर्षाला 'गोत', २२ ला 'गोदा', २५ ला 'ल्येत'. इथे पाठांतराला पर्याय नाही. मी घरातल्या सगळ्यांची वयं रशियनमध्ये म्हणत असे. क्रियापदांच्या जोड्यांत पुन्हा मराठी मदतीला येते: 'चिताल' म्हणजे वाचत होता, 'प्रचिताल' म्हणजे वाचून काढलं.

आता 'जाणे' चाललंय. पायी जाणं वेगळं, वाहनाने जाणं वेगळं. एकदाच एका दिशेने निघणं वेगळं आणि रोजचं येणंजाणं वेगळं, प्रत्येकाला स्वतंत्र क्रियापद. या धड्यावर मी अजून रेंगाळले आहे, आणि पुढे जायची घाईही नाही.