खालून पाणी देताना पावसाचं काय?

शेतातल्या निचऱ्याचं संगणकी मॉडेल चालवून देणं हा माझा धंदा. जादा पाणी काढणाऱ्या नळ्या जमिनीत आहेतच, बाहेर जाणारं पाणी अडवून उलट आत सोडलं की झालं सिंचन, असं अनेकांना वाटतं. नळ्या त्याच राहतात, गणित मात्र बदलतं.

निचरा होताना भूजलपातळी दोन नळ्यांच्या मधोमध फुगलेली असते. खालून पाणी देताना ती नळीवर चढते आणि मध्ये झोळ पडतो. मधल्या पिकापर्यंत पाणी आडवं पोचायला हवं, म्हणून नळ्या निचऱ्यापेक्षा जवळ लागतात. हे अंतर काढायच्या होखहाउटच्या समीकरणात अंतराचा वर्ग येतो. जलवाहकता, म्हणजे माती पाणी किती सहज वाहू देते ते, चौपट चुकली, तर अंतर साधारण दुपटीने चुकतं. आणि चौपट फरक तर एकाच शेतात, ऑगरने (माती पोखरायच्या गिरमिटाने) पाडलेल्या शेजारशेजारच्या भोकांतही सापडतो!

म्हणूनच अंतर ठरवायचं असेल तर मी ड्रेनमॉड या मॉडेलच्या बाजूने. वेन स्कॅग्ज यांनी नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीत उभारलेलं हे मॉडेल दोन नळ्यांच्या मध्यावर पाण्याचा साधा ताळेबंद मांडतं. मातीतल्या पाण्याच्या हालचालीचं रिचर्ड्सचं १९३१ सालचं समीकरण जाळीच्या बिंदूबिंदूवर सोडवणारं हायड्रस हे मॉडेल देखणं आहे, पण जलवाहकताच अंदाजाने भरली असेल तर त्या देखणेपणाचं काय करायचं? नळीच्या अगदी लगतचा प्रवाह किंवा क्षारांचा प्रश्न असेल, तर मात्र मीही तेच उघडते.

खरी गोम पावसात आहे. समजा भूजलपातळी ६० सेंमी खोल राखली आहे आणि मातीत निथळणाऱ्या पाण्याची जागा ५ टक्के आहे. ३० मिमी पाऊस मुरला. ३० भागिले ०.०५, म्हणजे ६०० मिमी. पातळी थेट जमिनीच्या पृष्ठभागाला! केशाकर्षणाने पाणी आधीच वर चढलेलं असतं, त्यामुळे रिकामी जागा उरतेच किती? पातळी मीटरभर खाली असती तर हाच पाऊस सहज पचला असता. पण मग जाड वाळूत मुळांपर्यंत पाणी चढत नाही. गाळाच्या पोयट्यात चढतं.

त्यामुळे अहवालात मी सरासरी पातळी देत नाही. अनेक वर्षांच्या पावसावर मॉडेल चालवते आणि पातळी ३० सेंमी खोलीच्या वर किती व किती दिवस राहिली, वाफशाचे दिवस किती मिळाले, हे वर्षागणिक मांडते. शेतकऱ्याला एक प्रश्नही विचारते: पावसाचा अंदाज आला की नळ्यांच्या तोंडाशी पाणी अडवणाऱ्या, चेंबरमधल्या फळ्या काढायला कोण जाणार, आणि किती वेळात? फळ्या काढल्यावरही मधली पातळी उतरायला वेळ लागतोच. रात्री कुणी जाणार नसेल, तर पातळी आधीच नेहमीपेक्षा २० सेंमी अधिक खाली ठेवलेली बरी.