टायगर मॉथ आणि डावा अंगठा

“काका, ट्रान्समीटरमध्ये मिक्सिंग लावा ना! रडर आपोआप फिरेल. अंगठ्याला कशाला त्रास?”

आज रिमोटवरची मॉडेल विमानं उडवायच्या मैदानावर एका तरुणानं अगदी आपुलकीनं सांगितलं. (मिक्सिंग म्हणजे विमान वळवताना रडर, म्हणजे शेपटीवरचं सुकाणू, आपोआप सोबत फिरवणारं रिमोटमधलं सेटिंग.) त्याचं तांत्रिकदृष्ट्या काहीच चुकलं नव्हतं. तरी ते वाक्य दिवसभर डोक्यातून जाईना.

माझं मॉडेल टायगर मॉथ या बायप्लेनचं, म्हणजे एकावर एक दोन पंख असलेल्या विमानाचं, पाव आकाराचं. पंखांचा विस्तार सव्वादोन मीटरच्या आसपास. मूळ विमान १९३१चं. आपल्या हवाई दलाचे कितीतरी वैमानिक त्यावर शिकले. त्याची एलेरॉन (विमान कलवणाऱ्या, पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) फक्त खालच्या पंखांना असतात. वळताना खाली झुकणारं एलेरॉन हवेत जास्त अडतं आणि नाक भलत्याच बाजूला जायला बघतं. ते सावरायला रडर हवंच. तेव्हाचे वैमानिक ते पायानं द्यायचे, मी डाव्या अंगठ्यानं देतो.

बाल्सा लाकडाची एकेक रिब (पंखाची फासळी) घासून, दोन पंखांमधल्या तारा ताणून हे विमान उभं केलं, ते याच खोडीसाठी. वळण नीट जमलं की अंगठ्याला आधी कळतं, डोळ्यांना नंतर. (वारा आडवा असेल तर विचारूच नका!)

तो आनंद मी सेटिंगवर का सोपवू?

बायप्लेन उडवणाऱ्यांनो, तुम्ही मिक्सिंग लावता का?